दहा वर्षांपूर्वीची थकबाकी सोसायटी विसरली असेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मराठवाड्यातल्या एका गावचे, चाळिशी ओलांडलेले शेतकरी. जमीन तीन एकर. २०१४ च्या खरिपाला त्यांनी गावच्या विकास सोसायटीतून (शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेतून) मोसंबीच्या बागेसाठी १ लाख ४० हजार रुपये पीककर्ज उचललं. ते वर्ष आणि पुढचंही वर्ष दुष्काळाचं गेलं, विहीर आटली, २०१६ मध्ये बाग तोडावी लागली. त्याच वर्षी १५ हजार भरले, पावती जपून ठेवली आहे. मग चाकणला कंपनीत कामाला गेले आणि कर्ज तसंच राहिलं. २०१७ च्या कर्जमाफीचा ऑनलाइन अर्ज भरायचा राहून गेला, २०१९ च्या यादीत नाव आलं नाही. वडिलांच्या आजारपणामुळे तीन वर्षांपूर्वी गावी परतले. आता दर जूनला बियाणं-खतासाठी सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी पैसे घेतात. सोसायटीकडून ८० हजार मिळाले तर हे थांबेल, असं त्यांना वाटतं. पण गेल्या वर्षी सोसायटीची ३ लाख ८६ हजारांची नोटीस आली. मित्र सांगतो, 'तीन वर्षांनी कर्ज मुदतबाह्य होतं, बिनधास्त नवीन माग.' मेहुणा सांगतो, 'एक एकर बायकोच्या नावावर कर आणि तिला राष्ट्रीयीकृत बँकेत पाठव.' सोसायटीचं कामकाज पाहणारे गटसचिव म्हणतात, 'नवं-जुनं करून देतो, वर हातात थोडे पैसेही पडतील.' पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'जामीनदार चुलतभाऊ आणि शेजारी होते, त्यांच्याशी आता बोलणं नाही.'

प्रश्न असा: इतकी वर्षं उलटली, सचिव बदलले, चेअरमन बदलले. जुनं न फेडता त्याच सोसायटीकडून पुन्हा कर्ज मिळेल का?

नमस्कार,

आधी सरळ उत्तर देते. नाही मिळणार. खात्यावर थकबाकी उभी आहे तोवर सोसायटी तुम्हाला नवीन पीककर्ज देणार नाही, मग संचालक मंडळात तुमचा वर्गमित्र बसलेला असला तरी. खरिपाच्या आधी गटसचिव कमाल मर्यादा पत्रक तयार करतात, तुमच्याकडे त्याला 'क. म. पत्रक' म्हणत असतील. कोणत्या सभासदाला कोणत्या पिकासाठी किती कर्ज, हे त्यात असतं. थकबाकीदाराला त्यात कर्जासाठी धरत नाहीत. ते पत्रक जिल्हा मध्यवर्ती बँकेकडे जातं, तिथले तपासणीस ते पाहतात आणि मग पैसा सुटतो, कारण सोसायटी जे वाटते तो पैसा बहुतेक जिल्हा बँकेचाच असतो. तुमचे १ लाख ४० हजारही सोसायटीनं बँकेकडून उचलूनच तुम्हाला दिले होते. तुमच्याकडून ते आले नाहीत, तरी बँक सोसायटीकडे मागतच राहिली. अशी खाती साचली की बँक त्या सोसायटीच्या बाबतीत हात आखडता घेते आणि वेळेवर भरणाऱ्यांनाही कमी पैसे मिळतात.

तुम्ही ज्या आशेवर आहात ती सचिव आणि चेअरमन बदलण्याची आहे. माणसं विसरतात हे खरं, पण तुमचं कर्ज माणसांच्या आठवणीवर उभं नाही. एक नोंद सोसायटीच्या खतावणीत आहे, दुसरी जिल्हा बँकेच्या शाखेत, आणि तिसरी तुमच्याच सातबारावर. 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचं नाव आणि इकराराची, म्हणजे जमीन कर्जाला बांधून देणाऱ्या कराराची, रक्कम दिसेल. कर्ज घेताना तुम्ही इकरार करून दिला होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ प्रमाणे त्यानं जमिनीवर बोजा, म्हणजे सोसायटीचा वसुलीचा हक्क, बसतो. ऑनलाइन सातबारा काढून आजच पाहा. शिवाय केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. जुन्या खतावण्या संगणकात चढत आहेत. पूर्वी एखादं पान वाळवीनं खाल्लं तर नोंद जायची, आता तीही सोय उरणार नाही.

आता तुमच्या तिन्ही सल्लागारांकडे वळते.

मित्राचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. पण तो नियम तुमच्या खात्याला तसाच लावता येत नाही. सहकार कायद्याच्या कलम ९२ नुसार, सभासदाकडून सोसायटीला येणं असलेल्या रकमेच्या वादात मुदत मोजायला सुरुवात होते ती सभासद मरण पावला किंवा त्याचं सभासदत्व संपलं त्या दिवसापासून. तुम्ही हयात आहात आणि सभासदही आहात, म्हणजे ती मुदत अजून सुरूच झालेली नाही. शिवाय सोसायटीला दिवाणी कोर्टाची पायरी चढावीच लागते असं नाही. कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. तुमच्या नावावर असा दाखला निघालेला आहे का, हे तुम्हाला माहीत नाही असं पत्रावरून दिसतं. ते आधी शोधा. तुम्ही चाकणला असताना नोटीस गावातल्या घरी येऊन गेली असण्याची शक्यता बरीच आहे.

आणि समजा एखादं कर्ज खरोखरच मुदतबाह्य झालं, तरी दाव्याचा रस्ता बंद होतो, देणं मिटत नाही. देणेकऱ्याला नवं कर्ज नाकारायला कोर्टाचा हुकूम लागत नाही. कोर्टात मागता येत नाही म्हणून ज्याचे पैसे बुडाले, तो दुसऱ्यांदा द्यायला कशाला तयार होईल?

मेहुण्यांचा सल्ला ऐकायला सोपा वाटतो, पण तिघांच्यात मला तोच सर्वांत धोक्याचा वाटतो. बोजा असलेली जमीन पूर्ण कर्ज फिटेपर्यंत सोसायटीच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तसं केलेलं हस्तांतर कलम ४८ प्रमाणेच रद्दबातल ठरतं. एक एकर पत्नीच्या नावावर चढवला तरी बोजा त्या एकराबरोबर जाईल, आणि बँकेचा अधिकारी सातबारा मागेल तेव्हा पहिली नजर 'इतर अधिकार' वरच टाकेल. ग्रामीण भागात प्रत्येक कर्जासाठी 'नो ड्यूज' (थकबाकी नसल्याच्या) दाखल्याचा आग्रह धरू नका, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. त्याऐवजी बँक पतअहवाल पाहू शकते किंवा कर्जदाराकडून स्वयंघोषणा घेऊ शकते. लोकांना वाटतं, दाखला नाही म्हणजे सुटलो. पण स्वयंघोषणेवर 'माझ्यावर किंवा या जमिनीवर कोणतंही कर्ज नाही' असं लिहून खाली सही तुमच्या पत्नीची असेल. आज तुमच्यावर फक्त थकबाकी आहे, आणि ती दुष्काळानं आली हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या सहीनंतर प्रकरण फसवणुकीचं होईल, आणि ज्या बाईनं २०१४ मध्ये कशावरही अंगठा उठवला नव्हता ती त्यात पुढे असेल.

'पीककर्जाला सिबिल (पतअहवालातला गुणांक) मागू नका' अशी तंबी राज्य सरकार बँकांना देत असतं, ते तुमच्या मेहुण्यांनी ऐकलं असावं. तंबी चांगलीच आहे. पण सिबिलचा आकडा न पाहणं वेगळं आणि सातबारावरचा बोजा न पाहणं वेगळं.

गटसचिवांबद्दल बोलताना मला जरा जपून लिहावं लागतं. त्यांचा हेतू वाईट असेलच असं नाही. त्यांनाही मार्चअखेर वसुलीचा आकडा दाखवायचा असतो. 'नवं-जुनं' गावोगाव चालतं: ३१ मार्चच्या आत जुनं खातं भरल्याचं कागदावर दाखवायचं आणि एप्रिलमध्ये तीच रक्कम, थोडी वाढवून, नवं कर्ज म्हणून उचलायची. मधल्या चार दिवसांसाठी रोख लागली तर ती पुरवणारे सावकारही तयार असतात, त्यांचं कमिशन वेगळं. जो शेतकरी एक हंगाम मागे पडला आहे त्याची त्यानं वेळ निभावून जात असेल. तुमच्या बाबतीत मात्र हिशेब करून पाहा. आज तुमचं मुद्दल १ लाख ४० हजार आहे, बाकी सगळं व्याज. नवं-जुनं केलंत की ३ लाख ८६ हजार हेच नवं मुद्दल होईल आणि त्यावर ताजं व्याज सुरू होईल. हातात पडतील वीस-तीस हजार. शिवाय एवढी रक्कम तीन एकरांच्या कापूस-सोयाबीनवर बसत नाही, मग ती बसवण्यासाठी कागदावर तुमच्या शेतात ऊस उभा राहतो. पुढे पीकविम्याच्या वेळी त्या कागदी उसाचं काय करणार?

आणि नवं-जुनं केल्यावर तुम्ही काय गमावाल, हे गटसचिव बहुधा सांगणार नाहीत. सहकार कायद्यात कलम ४४-अ आहे. शेतीसाठी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुदतीनं दिलेल्या कर्जावर सोसायटीला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपले आजे-पणजे ज्याला दामदुप्पट म्हणायचे तोच हा नियम. तुमच्या खात्याला तो लावला तर व्याज १ लाख ४० हजारांवर थांबायला हवं, म्हणजे सगळं मिळून २ लाख ८० हजार. त्यातून २०१६ चे १५ हजार वजा केले की उरतात २ लाख ६५ हजार. नोटीस ३ लाख ८६ हजारांची आहे. मधला १ लाख २१ हजारांचा फरक कशाचा, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण मुद्दलच ३ लाख ८६ हजार झालं, तर दामदुप्पटीची मर्यादाही तिथून नव्यानं मोजली जाईल.

म्हणून नोटिशीला घाबरून बसण्यापेक्षा तिला लेखी उत्तर द्या. साधा कागद, चार वाक्यं: माझ्या कर्जखात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा द्यावा, मुद्दल, व्याज, दंडव्याज, वसुली खर्च वेगवेगळे दाखवावेत, २०१६ मध्ये भरलेल्या १५ हजारांची नोंद कुठे आहे ते सांगावं, कलम ४४-अ प्रमाणे व्याजाची मर्यादा लावली आहे का ते कळवावं. सोबत पावतीची झेरॉक्स जोडा, मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तीच प्रत घेऊन तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात जा. तोंडी विचारलंत तर तोंडीच उत्तर मिळेल, आणि ते मार्चमध्ये एक आणि जूनमध्ये दुसरं असेल.

आकडा पक्का झाला की पुढचा प्रश्न, फेडायचं कसं. जिल्हा बँका आणि सोसायट्या जुन्या थकबाकीसाठी अधूनमधून सामोपचार किंवा एकरकमी परतफेड योजना काढतात, त्यात व्याजाचा बराच भाग सोडला जातो. अशी योजना तुमच्याकडे चालू आहे का, तिची शेवटची तारीख कोणती, किती रक्कम आधी भरावी लागते, हे बँकेच्या शाखेतच विचारा. पण तिथं पैसे मोजण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा, कारण तुमचं सगळं पत्र त्याच्यावर उभं आहे: 'तडजोडीनं खातं बंद केल्यावर मला नवीन पीककर्ज कोणत्या हंगामापासून मिळेल?' रिझर्व्ह बँकेनं ८ जून २०२३ ला तडजोडीच्या कर्जांबद्दल बँकांना चौकट घालून दिली. इतर कर्जांत तडजोड केलेल्या माणसाला त्याच बँकेनं किमान १२ महिने नवं कर्ज द्यायचं नाही, असं त्यात आहे. शेतीकर्जासाठी मात्र किती थांबायचं ते प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाच्या धोरणावर सोडलं आहे. म्हणजे तुमच्या जिल्हा बँकेचं धोरण काय आहे, यावर तुमचा पुढचा जून ठरणार. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. न मिळालं तर निदान शाखाधिकाऱ्यांसमोर बसून, तारीख टाकून, स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

त्याच बैठकीत हेही विचारून घ्या की सोसायटीकडे वाटायला पैसा आहे का. हा प्रश्न उद्धट वाटतो, पण गरजेचा आहे. काही सोसायट्या अनिष्ट तफावतीत असतात, म्हणजे सभासदांकडून येणं कमी आणि बँकेला देणं जास्त. काही जिल्हा बँकांचीच अवस्था नाजूक असते. तिथं नियमित सभासदालाही पुरेसं कर्ज मिळत नाही. तसं असेल तर जुनं खातं बंद करणं तरीही फायद्याचं आहे, मात्र पुढचं कर्ज तुम्हाला बोजा उतरलेला सातबारा घेऊन दुसऱ्या बँकेतून मागावं लागेल. किसान क्रेडिट कार्डावर २ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ही मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून वाढली आहे. तुम्हाला ८० हजारच हवे आहेत.

तुम्ही न विचारलेला, पण मनात असणारच असा एक प्रश्न: पुढच्या कर्जमाफीची वाट पाहावी का? २००८ ला केंद्राची झाली, २०१७ आणि २०१९ ला राज्याची. दर वेळी अटी वेगळ्या होत्या. २०१७ ला दीड लाखापर्यंतची माफी होती, त्यावरच्या थकबाकीदारानं वरची रक्कम भरली तरच दीड लाखाचा लाभ मिळायचा. २०१९ च्या योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ दरम्यान उचललेलं पीककर्ज धरलं होतं, आणि मुद्दल-व्याज मिळून २ लाखांच्या आत असेल तरच. तुमचं कर्ज २०१४ चं, त्यामुळे मुळात त्या चौकटीतच बसत नव्हतं. कुणी मुद्दाम नाव कापलं असा राग मनात धरला असेल तर तो सोडून द्या. पैसे भरण्याआधी सहायक निबंधक कार्यालयात एवढं जरूर विचारा की आज लागू असलेल्या कुठल्या योजनेत २०१४ चं खातं बसतं का. बसत असेल तर ती संधी घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बसत नसेल तर नुसत्या भाषणांच्या भरवशावर आणखी हंगाम घालवू नका.

कारण थांबणं फुकट नाही. ८० हजारांवर महिना तीन टक्के म्हणजे दरमहा २,४००, वर्षाला २८,८००. मुदतीत फेडणाऱ्या सभासदाला मात्र केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज २०२१ पासून बिनव्याजी पडतं. थकबाकीदार राहण्याची ही तुमची दरवर्षाची किंमत. गावी परतल्यापासून तीन हंगाम ती भरली असेल तर ८६ हजारांच्या वर गेली. आणि हेही माहीत असू द्या, की परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तुम्ही भरता आहात ३६. तो माणूस एकतर परवाना नसलेला आहे किंवा असूनही कायदा मोडतो आहे. लगेच तक्रार करा असं मी म्हणत नाही, गावात राहायचं असतं हे मला कळतं. पण सामोपचाराची रक्कम भरायला त्याच्याकडूनच पैसे उचलायचा विचार डोक्यात असेल, तर तो आजच काढून टाका.

या जूनचं काय, हा प्रश्न उरतोच. कागदपत्रं आणि तडजोड यात एक हंगाम सहज जाईल. तुमच्या पत्नी बचत गटात असतील तर त्या स्वतःच्या हक्कानं गटातून कर्ज घेऊ शकतात, बहुतेक गटांत ते महिना एक-दोन टक्क्यांनी मिळतं. एखाद्या सदस्याची किंवा तिच्या घरच्यांची बँकेत थकबाकी आहे, एवढ्याच कारणानं गटाचं कर्ज अडवू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. अट एकच, गट स्वतः थकलेला नसावा. मेहुण्यांच्या युक्तीत आणि यात फरक आहे, इथं पत्नीला काही लपवून सही करावी लागत नाही. त्यातून ३०-४० हजार उभे राहिले आणि या वर्षी दोनच एकर जोमानं केलं, तर सावकाराचा आकडा निम्म्यावर येईल.

आता पत्रातली शेवटची ओळ. तुम्ही ती सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिली आहे, पण मी पत्र वाचून खाली ठेवलं तेव्हा तीच डोक्यात राहिली. सोसायटी आपल्याला काय म्हणेल याची तुम्हाला काळजी आहे. सोसायटी काहीच म्हणत नाही, ती फक्त व्याज लावते. खरी अडचण त्या दोघांची झाली असणार. कर्ज थकलं की जामीनदाराच्याही नावानं नोटीस निघते, वसुली अधिकारी त्याच्याही दारात उभा राहतो, आणि त्याच सोसायटीत त्याचं स्वतःचं कर्ज पुढे सरकताना 'तुमच्या जामिनाचं काय' असं विचारलं जातं. तुम्ही चाकणला होता. ते दोघं गावातच होते. बोलणं बंद होण्यामागे हे असेल का, याचा विचार तुम्ही केला असेलच, पण पत्रात तो कुठे दिसला नाही म्हणून लिहिते. आणि व्यवहाराचा भाग असा की पुढचं कर्ज त्याच सोसायटीतून घ्यायचं तर पुन्हा जामीनदार लागतील, आणि गावात तुमच्यासाठी सही करायला कोण पुढे येईल हे त्या दोघांच्या तोंडच्या शब्दावर ठरेल.

शहरातल्या वाचकांकडूनही याच प्रश्नाची पत्रं येतात, त्यात सोसायटीच्या जागी क्रेडिट कार्ड किंवा वैयक्तिक कर्ज असतं. त्यांच्यासाठी थोडक्यात. 'तडजोड' करून कमी रकमेत बंद केलेलं खातं पतअहवालात 'सेटल्ड' म्हणूनच दिसतं, पूर्ण फेडल्यासारखं नाही. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. आधी तो काढा, मग अर्ज करा. नोंद चुकीची असेल तर तक्रार नोंदवा, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. सात वर्षांनी सगळं पुसलं जातं यावर विसंबू नका, कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं ठेवायची, असा तो नियम आहे. आणि 'आता ती बँकच नाही' असं म्हणणाऱ्यांनी आपली जुनी बँक कुठे गेली ते पाहावं. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, वर्षभरानं सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत. ठेवींबरोबर थकलेली कर्जंही गेली. ज्या बँकेत पहिल्यांदाच जातो आहोत असं वाटतं, तिच्या संगणकात आपलं जुनं नाव असू शकतं. असलंच, तर ते अधिकाऱ्यानं काढण्याआधी आपण सांगितलेलं बरं. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा, ते देणं बँकेवर बंधनकारक आहे.

पुन्हा तुमच्याकडे. रक्कम भरून झाल्यावर नुसत्या पावतीवर समाधान मानू नका. शून्य बाकीचा खातेउतारा, सोसायटी आणि बँक शाखा दोघांचा बेबाकी (काही देणं उरलं नसल्याचा) दाखला, कलम १०१ चा दाखला निघालेला असेल तर वसुली पूर्ण झाल्याचं पत्र, आणि बोजा कमी करण्यासाठी तलाठ्याच्या नावे पत्र, एवढं हातात आल्याशिवाय उठू नका. बोजा आपोआप उतरत नाही. फेरफार, म्हणजे सातबारावरच्या बदलाची नोंद, मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून 'इतर अधिकार' चा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कर्ज फिटूनही पाच-पाच वर्षं बोजा तसाच राहिलेली उदाहरणं काही कमी नाहीत.

चुलतभाऊ आणि शेजाऱ्यांकडे मात्र कागद पूर्ण व्हायची वाट न पाहता जा. नोटिशीला उत्तर दिलं की त्याच आठवड्यात जा आणि सांगा की खात्याचा हिशेब मागितला आहे, अमुक महिन्यात भरायचा विचार आहे. त्यांना स्वतःला नोटीस आली होती का, त्यांच्याकडून काही वसूल झालं का, हे विचारा. झालं असेल तर तो आकडा सोसायटीच्या उताऱ्यात दिसायला हवा आणि तेवढे पैसे तुम्ही त्यांना देणं लागता. ते बहुधा ऐकवतील, ऐकून घ्या. बेबाकी दाखला मिळेल तेव्हा त्यांचा जामीन संपल्याचं सोसायटीचं पत्र दोघांच्या नावे वेगवेगळं मागून घ्या आणि स्वतः नेऊन द्या.